पावसाळ्यात पॅरिटी मोजताना

वरच्या दिशेने निघालेले पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन भाराचे प्रतिकण) जास्त की खालच्या दिशेने, एवढंच आम्हाला मोजायचं होतं. त्यात अख्खा पावसाळा गेला, आणि त्यातला बराचसा वेळ आमचं यंत्र तरी वर-खाली सारखं आहे का, हे तपासण्यात गेला.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, पावसच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या एका लहान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली आमची जुनी प्रयोगशाळा रिकामी पडून होती. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने मोडीत काढलेल्या फोटोमल्टिप्लायर नळ्या (अगदी अंधुक चमकेचाही विजेचा ठोका करणाऱ्या) आणि प्लास्टिक सिंटिलेटरच्या (भारित कण गेला की चमकणाऱ्या) चार पाट्या आम्हाला मिळाल्या. पाट्या अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, कडा थोड्या पिवळ्या पडलेल्या. एवढ्या सामानात म्युऑनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड आणि अल्पायुषी भावंडाचं, आयुर्मान कोणीही मोजतं. त्यापुढे जाऊन पॅरिटी मोडते का ते बघू, असं ठरलं.

पॅरिटी म्हणजे आरशाची समानता. आमच्या किनाऱ्यावर शंख-गोगलगाईंचे कवच उचला, टोक वर धरून तोंड आपल्याकडे करा. तोंड जवळजवळ नेहमी उजव्या हाताला येतं. मुलींनी पिशवीभर गोळा करून आणले, सगळे तसेच निघाले. तरीही हा निसर्गाचा कायदा नव्हे, वंशपरंपरेने चालत आलेलं ते वळण आहे. उलट वळणाचे कवच क्वचित का होईना सापडतात. आरशात दिसतो तो शंख खऱ्या जगात असू शकतो, त्यात कुठला नियम मोडत नाही. १९५६ पर्यंत भौतिकशास्त्रज्ञ हेच सगळ्या मूलभूत क्रियांबद्दल गृहीत धरत होते. त्या वर्षी ली आणि यांग यांनी दाखवून दिलं की दुर्बल आंतरक्रियेच्या, म्हणजे ज्या मूलभूत क्रियेमुळे असे कण मोडतात तिच्या, बाबतीत हे कोणी तपासलेलंच नाही. वू यांनी अतिशीत कोबाल्ट-६० घेऊन वॉशिंग्टनला तपासलं. जानेवारी १९५७ मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिश यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर म्युऑन घेऊन तेच केलं. आरसा तुटलेला निघाला. त्याच वर्षीचं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं. वूंना मिळालं नाही, आणि ते मला अजून पटलेलं नाही. आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: दुर्बल आंतरक्रियेचा नेमका साचा कसा आहे हे मार्शाक यांच्यासोबत मांडणारे ई. सी. जी. सुदर्शन, तेही १९५७ सालीच.

आमच्याकडे सायक्लोट्रॉन नाही, पण आकाश आहे. बाह्य अवकाशातून येणारे प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरांत आदळतात, त्यातून पायॉन निघतात, पायॉन मोडून म्युऑन होतात, आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन उतरतो. आता कळीची गोष्ट. पायॉन मोडताना पॅरिटी मोडते, म्हणून त्यातून निघालेल्या धन म्युऑनचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगभूत गिरकीची दिशा, स्वैर नसतो. खाली येणाऱ्या म्युऑनांत स्पिन वरच्या दिशेला असलेले जास्त असतात. सगळे नव्हेत, कारण वाटेत बरंच मिसळून जातं, पण ३० टक्क्यांच्या आसपास ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेकडचा कल, शिल्लक राहतं. हा म्युऑन तांब्याच्या पाटीत थांबला की सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी मोडतो आणि त्याचा पॉझिट्रॉन स्पिनच्या दिशेने जास्त करून बाहेर पडतो. इथे पॅरिटी दुसऱ्यांदा मोडते. दोन्हींपैकी एका ठिकाणी जरी निसर्गाने आरसा पाळला असता, तरी आम्हाला काहीच दिसलं नसतं.

मग वरचे आणि खालचे पॉझिट्रॉन मोजा, वजा करा, झालं! पहिल्या आठवड्यात मुलांनाही असंच वाटत होतं. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: वरच्या पाटीने १०० मोजले आणि खालच्या पाटीने ९०, तर दोष निसर्गाचा की पाटीचा?

चार पाट्या अशा रचल्या होत्या: वर दोन, मध्ये दोन सेंटिमीटर जाड तांबं, खाली दोन. वरच्या दोन्ही पाट्यांत चमक आली आणि खालच्या तिसरीत आली नाही, तर म्युऑन तांब्यात थांबला असं धरायचं आणि घड्याळ सुरू करायचं. नंतर खालच्या दोन पाट्या एकदम चमकल्या तर पॉझिट्रॉन खाली गेला, वरच्या दोन चमकल्या तर वर. कागदावर रचना सममित दिसते, पण तशी ती नाही. वरच्या पाट्यांतून आत्ताच म्युऑन गेलेला असतो, खालच्यांतून नाही. जुन्या फोटोमल्टिप्लायर नळीत काचेतून हवेतला हेलियम हळूहळू झिरपतो, आणि मोठ्या चमकेनंतर त्याचे आयन उलटे धावून काही मायक्रोसेकंदांच्या आत खोटी चमक देतात. म्हणजे म्युऑनने ज्या नळ्या नुकत्याच हलवल्या, त्याच नळ्या आम्हाला 'वरती पॉझिट्रॉन आला' असं खोटंच सांगणार. दोन पाट्यांची एकत्र चमक मागितल्यावर हे कमी होतं, संपत नाही.

म्हणून वर आणि खाली यांची सरळ तुलना सोडून दिली. त्याऐवजी म्युऑनलाच फिरवायचं. आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की थांबलेल्या म्युऑनचा स्पिन त्यात घिरट्या घेतो. दर गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) सेकंदाला साधारण १३,५५० फेऱ्या. ४५ गॉसमध्ये एक फेरी १.६४ मायक्रोसेकंदांत. म्युऑनच्या आयुष्यात एखाददुसरी फेरी बसते, आणि त्यासोबत एकाच पाटीवर येणारे पॉझिट्रॉन कमी-जास्त, कमी-जास्त होत जातात. खालची पाटी कितीही वाईट असली तरी ती दर १.६४ मायक्रोसेकंदांनी चांगली-वाईट होत नाही. अमेरिकेतल्या फर्मिलॅबने १४ मीटर व्यासाच्या कड्यात म्युऑन फिरवून त्याच्या चुंबकत्वातला छोटासा जादा भाग १२७ अब्जांशांइतक्या अचूकतेने मोजला, त्याचा अंतिम निकाल २०२५ मध्ये आला. तिथेही पॉझिट्रॉनच्या संख्येतला हाच झोका वाचतात.

तांबं का, असं बरेच जण विचारतात. ऋण म्युऑन तांब्याच्या अणूत शिरून केंद्रकाकडून पटकन गिळला जातो, त्याचं आयुष्य ०.१६ मायक्रोसेकंदांवर येतं. पहिला एक मायक्रोसेकंद सोडून दिला की उरतात ते धन म्युऑन, आणि धातूत त्यांचा स्पिन टिकून राहतो.

तांबं मिळवणं हे मात्र भौतिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. अर्धा मीटर चौरसात दोन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४५ किलो. नवीन पत्र्याचा भाव ऐकून आमचे प्राचार्य खुर्चीत सरळ बसले. शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूरला एका भंगारवाल्याकडे विजेच्या पॅनेलमधून काढलेल्या बसबारच्या पट्ट्या मिळाल्या. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात; भंगारवाल्याने वजनकाट्याकडे बोट दाखवून, "हेच आमचं कोटेशन," असं सांगितलं. ऑफिसात ते कसं बसवलं ते इथे लिहीत नाही.

कॉइलसाठी गावातले मोटर वाइंडिंगवाले काका. विहिरीवरचे पंप, कुणाचा मिक्सर, कुणाचा होडीवरचा आल्टरनेटर, सगळं त्यांच्याकडे येतं. मी सांगितलं, ६० सेंटिमीटर लांब चौकोनी साचा, सेंटिमीटरला पाच वेढे, सोळा गेजची तार. त्यांनी साचा फिरवून फिरवून बघितला.

"मॅडम, गुंडाळून देतो. पण ह्याच्यात फिरणार काय?"

"म्युऑन."

"तो कुठं बसवायचा?"

"तो वरून येतो आपोआप."

काकांनी यावर काही म्हटलं नाही, पण तार इतकी एकसारखी गुंडाळली की मधल्या भागात हॉल प्रोबने मोजलेलं क्षेत्र टक्क्या-दोन टक्क्यांपलीकडे हललं नाही. आठ अँपिअरला आदर्श लांब कॉइलमध्ये ५० गॉस येतात. आमची आखूड, म्हणून ४५. कोणीतरी शंका काढली की जांभ्यात लोखंड भरपूर, भिंतीच क्षेत्र ओढतील. मोजलं. जांभ्यातलं लोखंड गंजाच्या रूपात असतं आणि ते फारसं चुंबकीय नसतं; काही फरक सापडला नाही. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसहूनही कमी, त्यात म्युऑनला एक फेरी घ्यायला दीडशेहून जास्त मायक्रोसेकंद लागतील. तोवर तो हयात नसतो.

मग मृग लागला.

कोकणातल्या पावसाळ्यात दीड-दोन हजार व्होल्टचं उपकरण चालवणं म्हणजे काय, ते कोरड्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला सांगून कळत नाही. हवेत इतका ओलावा की नळ्यांच्या बुडाशी असलेल्या सर्किटवर पातळ थर बसतो, त्यावरून वीज गळते आणि नळी अंधारातही आपली टिकटिक मोजत बसते. निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी होते. तिला तव्यावर भाजून पुन्हा निळी करायचं काम आमच्या परिचर मावशींनी स्वतःहून घेतलं. पाट्यांवरच्या काळ्या टेपचा गोंद सुटतो आणि उजेड आत शिरतो, मुलं रात्री दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चने पाटीच्या कडा धुंडाळायची, एक जण पडद्यावरची मोजणी बघून "इथं! इथं!" ओरडायचा. घरी कपाटात कपडे दमट होऊ नयेत म्हणून बल्ब लावून ठेवतात, तसा पेटीत ठेवू असं सुचलं, पण उजेड मोजणाऱ्या नळीशेजारी बल्ब कसा ठेवणार? त्याऐवजी रोधक बसवले, नुसते तापणारे.

आणि याच दमट हवेने आम्हाला या सगळ्या उद्योगातली सगळ्यात उपयोगी गोष्ट दाखवली.

क्षेत्र चालू असताना घेतलेली मोजणी आणि बंद असताना घेतलेली मोजणी यांची तुलना करायची, अशी पद्धत ठरली होती. दोन्हींचा भागाकार केला की म्युऑनच्या ऱ्हासाचा उतार, खोट्या चमका, पार्श्वभूमी हे सगळं निघून जातं, झोका तेवढा उरतो. भागाकार केला तर झोक्याच्या आधी दुसरंच दिसलं. क्षेत्र चालू असताना खोटी मोजणी चक्क कमी होती. एका विद्यार्थिनीचं म्हणणं पडलं की क्षेत्रामुळे नळीतले इलेक्ट्रॉन वाकतात म्हणून. मुद्दा बरोबर होता. फोटोमल्टिप्लायरला चुंबकीय क्षेत्र खपत नाही, म्हणूनच त्यांना खास मिश्रधातूच्या नळकांड्यात ठेवतात. पण मग क्षेत्र लावताक्षणी फरक पडायला हवा. इथे तो तासाभराने हळूहळू येत होता आणि क्षेत्र बंद केल्यावर हळूहळूच जात होता.

कॉइल सव्वादोनशे वॅट उष्णता देत होती. क्षेत्र चालू म्हणजे पेटी ऊबदार, सर्किट कोरडं, नळी शांत. क्षेत्र बंद म्हणजे पुन्हा ओल. आम्ही निसर्गाच्या दोन अवस्थांची तुलना करत नव्हतो, कोरड्या आणि ओल्या पेटीची करत होतो. उन्हाळ्यात प्रयोग केला असता तर हे कदाचित दिसलंच नसतं, आणि फरक लहान असल्यामुळे आकड्यात निमूट जाऊन बसला असता.

उपाय पाठ्यपुस्तकी आहे, पण तो काकांच्या दुकानात सुचला. ते एका पंपाच्या मोटरला दोन तारा एकत्र हातात धरून वेढे घालत होते. जाड तार वळत नाही म्हणून बारीक दोन घ्यायच्या, ही त्यांची रोजची रीत. तशी कॉइल केली तर? दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेने सोडला की पूर्ण क्षेत्र. एका तारेत उलटा सोडला की क्षेत्र शून्य, आणि उष्णता तीच. काकांना सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा रस घेतला. म्हणाले, "म्हणजे आपापसांत मारामारी लावायची आणि तापायचं फक्त." जुनी कॉइल उकलून नवी गुंडाळली. स्विच असा बसवला की बाहेरून बघणाऱ्याला क्षेत्र आहे की नाही ते कळू नये.

ते कळू नये यासाठी कारण होतं. मोजणीत चार-पाच टक्क्यांचा झोका शोधताना माणूस आपल्याला हवा तो झोका हमखास शोधतो. म्हणून स्विच आणि प्रवाह त्या विद्यार्थिनीच्या ताब्यात. पूर्ण क्षेत्र, कमी क्षेत्र, उलट दिशेचं क्षेत्र, शून्य क्षेत्र, यातलं काय कधी लावलं ते तिने वहीत लिहायचं आणि वही परीक्षा विभागाच्या कपाटात कुलपात. हॉल प्रोबचं वाचन प्रत्येक नोंदीसोबत साठत होतं, पण तो रकाना माझ्यापासून लपवलेला. विश्लेषण माझ्याकडे. प्राध्यापिकेपासून विद्यार्थिनी उत्तर लपवते आहे, हे पाहून परीक्षा विभागाच्या सरांची मोठी करमणूक झाली.

उलट दिशेच्या क्षेत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला ते सगळ्यात आवडतं. स्पिन उभा आहे, क्षेत्र आडवं. क्षेत्र उलटं केलं की स्पिन उलट दिशेने फिरतो, पण वर-खालीचा झोका तोच राहतो, कारण घड्याळाच्या दिशेने जा किंवा उलट, उभ्या दिशेतला भाग तेवढाच. म्हणजे क्षेत्र उलटं केल्यावर आमच्या आकड्यात काही बदललं, तर ते म्युऑनचं नाही, नळ्यांचं. तसं काही बदललं नाही.

आकडे किती लागतील ते आधीच काढलं होतं. चार टक्क्यांचा झोका एक टक्का अचूकतेने पकडायला किमान वीस हजार उपयोगी नोंदी लागतात, पार्श्वभूमी धरली तर त्याहून जास्त. आमच्या खालच्या पाट्या तासाला तीस-चाळीस देत होत्या. त्यात वीज जाणार, कारण पावसाळ्यात तारेवर झाड पडतंच. यूपीएसवर संगणक आणि नळ्या तग धरत, कॉइल नाही. मग तेवढा भाग फेकून द्यायचा. गणपतीत सगळे घरी, पण यंत्र चालूच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी फोन केला, "डब्बा टिकटिक करतोय, जेल गुलाबी झालीय." यंत्राचं रोगनिदान त्यांना जमलं होतं.

वही काढली तेव्हा पाऊस ओसरला होता. मी ज्या गठ्ठ्याला 'क' म्हणत होते त्यात १.६८ मायक्रोसेकंदांचा झोका बसला होता, ०.०६ इतक्या अनिश्चिततेने, आणि झोक्याची उंची चार टक्के, अधिक-उणे एक. 'ब' गठ्ठ्यात काहीच नाही. वहीत 'क' होतं पूर्ण क्षेत्र, म्हणजे अपेक्षित १.६४. 'ब' होतं शून्य. कमी क्षेत्राच्या गठ्ठ्यात झोका लांबलेला होता, पण नोंदी थोड्या, त्यावर मी पैज लावणार नाही. विद्यार्थिनीने दोनदा वही तपासली आणि मगच हसली. चार अधिक-उणे एक हा जगाला सांगण्यासारखा आकडा नाही. १९५७ च्या त्या एका शनिवार-रविवारच्या कामात याहून कितीतरी स्पष्ट झोका दिसला होता. पण आमच्या चारमधला कुठला भाग नळीचा, कुठला उष्णतेचा आणि कुठला म्युऑनचा, हे आम्ही हातावर हात मारून सांगू शकतो.

आरशाचं पुढे काय झालं, हे मुलांनी विचारलं. धन म्युऑन आरशात बघितला तर जो दिसतो तो निसर्गात नाही. पण आरशात बघून शिवाय प्रतिकणही केला, म्हणजे ऋण म्युऑन घेतला, तर तो सापडतो. त्याचा इलेक्ट्रॉन स्पिनच्या उलट दिशेने जास्त जातो. त्यामुळे काही वर्षं सगळ्यांना वाटलं की आरसा आणि प्रतिकण मिळून समानता शाबूत आहे. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन नावाच्या कणांमध्ये तीही किंचित मोडलेली आढळली. ते आमच्या पाट्यांच्या आवाक्यातलं नाही.

आवाक्यात आहे ते वरच्या पाट्यांचं. खालचा झोका जिथे खाली जातो तिथे वरचा वर गेला पाहिजे, अगदी अर्ध्या फेरीच्या फरकाने. ते दिसलं तर आमचं म्हणणं दुप्पट पक्कं होईल. पण वरच्या नळ्यांतल्या खोट्या चमका पहिल्या दोन मायक्रोसेकंदांवर अजून बसून आहेत. कमी हेलियम शिरलेल्या दोन नळ्या एका दुसऱ्या कॉलेजाने देऊ केल्या आहेत. काकांनी त्यांच्यासाठी लोखंडी पत्र्याचं बाहेरचं वेष्टण वाकवून ठेवलं आहे आणि यंदाच्या बिलात कॉइलपुढे 'म्युऑन मोटर' असं लिहून दिलं आहे. ऑफिसला ते चालेल का, ते सोमवारी विचारायचं आहे.